डुलूथचा उचलता पूल: जहाजाची वेळ साधा, मग पूल बघा

नाशिकहून आई-बाबा जुलैमध्ये मिनियापोलिसला येणार आहेत, त्यांना घेऊन दोन दिवस डुलूथला जावं का, असा तुमचा प्रश्न आहे. तिथल्या एरियल लिफ्ट ब्रिजचं नाव सगळेच घेतात, पण एका पुलासाठी अडीच तास गाडी चालवत जाण्यासारखं तिथे काय आहे, ही शंका. आणि बाबा पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे "एवढं धूड उचलतात कसं?" हे ते विचारणारच, तर त्यांना काय सांगायचं, हाही प्रश्न आहे.

उघडणाऱ्या, फिरणाऱ्या आणि उचलल्या जाणाऱ्या पुलांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे, आणि पंचमहासरोवरांच्या काठचे असे बरेच पूल मी आतून-बाहेरून पाहिले आहेत. माझं उत्तर: जरूर जा. पण नुसता पूल बघायला गेलात तर दहा मिनिटांत फोटो काढून परत फिराल आणि आई म्हणतील, "यासाठी एवढ्या लांब आणलंत?" मोठं जहाज येण्याची वेळ साधून गेलात तर मात्र दोघंही तासभर कठड्यापासून हलणार नाहीत. डुलूथचा पूल मोठा आहे, जुना आहे, देखणा आहे, पण त्याची खरी गोष्ट ही की तो आजही कामावर आहे. १९३० पासून तो जहाजांसाठी वर जातो आहे आणि वर्षाकाठी सुमारे ५,००० वेळा उचलला जातो. पर्यटकांना दाखवण्यासाठी त्याला एकदाही उचलावं लागत नाही.

तर आधी वेळेचं बघू, कारण सहल फसते ती तिथेच.

उन्हाळ्यात, म्हणजे मेअखेरच्या मेमोरियल डेच्या आधीच्या शुक्रवारपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेनंतरच्या मंगळवारपर्यंत, सकाळी ६ ते रात्री ९ या वेळात शिडाच्या होड्या आणि पर्यटक बोटींसारख्या छोट्या नौकांसाठी पूल घड्याळाच्या दर पूर्ण तासाला आणि साडेच्या ठोक्याला उचलतात, अर्थात कोणी थांबलेलं असेल तर. त्यामुळे जुलैमध्ये पूल हलताना दिसणारच, त्याची काळजी नको. पण छोट्या होडीसाठी तो थोडासाच वर जातो. पूर्ण उंचीवर गेलेला पूल आणि त्याखालून सरकणारं हजार फुटी जहाज बघायचं असेल, तर मोठ्या मालवाहू जहाजांचं वेळापत्रक पाहावं लागतं. ती जहाजं घड्याळ पाळत नाहीत. ती येतील तेव्हा त्यांच्यासाठी पूल उचलावाच लागतो, कारण जलमार्गावरच्या वाहतुकीला रस्त्याआधी वाट द्यायची, असा अमेरिकेतला जुना कायदा आहे. पुलाला लागूनच लेक सुपीरियर मेरिटाइम व्हिजिटर सेंटर आहे. तिथे त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या अपेक्षित वेळा लावलेल्या असतात. जहाजांचा ठावठिकाणा दाखवणारी अॅपही आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री एकदा आणि तिथे पोचल्यावर पुन्हा एकदा वेळ बघा, कारण वारा, धुकं आणि धक्क्यावरच्या माल चढवण्याच्या गतीनुसार तास-दोन तासांचा फरक सहज पडतो.

इथे एक मेख आहे. डुलूथ आणि पलीकडचं विस्कॉन्सिन राज्यातलं सुपीरियर शहर मिळून हे एकच बंदर आहे, पण त्याला तोंडं दोन आहेत. एक डुलूथचा कालवा, ज्यावर हा पूल आहे. दुसरं काही मैल आग्नेयेला असलेलं सेंट लुईस नदीचं नैसर्गिक मुख, त्याला सुपीरियर एन्ट्री म्हणतात. सुपीरियरच्या खनिज धक्क्यावर जाणारी बरीच जहाजं त्या दुसऱ्या तोंडातून जातात, पुलाकडे फिरकतही नाहीत. अॅपवर "जहाज डुलूथ-सुपीरियरला पोचतंय" एवढं वाचून धावू नका. कुठल्या तोंडातून येतंय ते बघा.

जहाजं मुख्यतः दोन प्रकारची. एक सरोवरांतच आयुष्य काढणारी, त्यांना तिथे "लेकर" म्हणतात. दुसरी समुद्रातून येणारी, ती "सॉल्टी". सॉल्टी बहुधा धान्य भरायला येतात. १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे सुरू झाल्यापासून अटलांटिकमधलं जहाज इथपर्यंत, म्हणजे समुद्रापासून ३,७०० किलोमीटरहून जास्त आत येऊ शकतं. पण वाटेतल्या वेलंड कालव्याच्या जलपाशांमुळे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली करणाऱ्या दारबंद कक्षांमुळे, त्यांची लांबी ७४० फुटांच्या आत राहते. लेकरांपैकी सगळ्यात मोठी मात्र हजार फुटांच्या वर आहेत. पॉल आर. ट्रेगर्था हे त्यातलं सगळ्यात लांब, १,०१३ फुटांचं. एवढी जहाजं त्या जलपाशांत मावत नाहीत, त्यामुळे ती कधीच समुद्र बघत नाहीत. मेसाबी डोंगररांगेतलं लोहखनिज गोळ्यांच्या रूपात भरायचं आणि खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांना नेऊन द्यायचं, हा त्यांचा फेरा. कालवा ३०० फूट रुंद आणि जहाज १०५ फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना शंभरेक फूट पाणी, आणि त्याच्या कडेला काँक्रीटच्या धक्क्यावर तुम्ही. जहाजावरच्या खलाशाने हात केला तर त्याचा चेहरा दिसतो. इतक्या जवळून एवढं मोठं चालतं जहाज मुंबईच्या कुठल्याही धक्क्यावर सर्वसामान्य माणसाला बघायला मिळत नाही.

आणि भोंगा. जहाज लांब-आखूड-लांब-आखूड असा इशारा देतं, पूल तसाच इशारा परत देतो. कधी त्यानंतर सलामीचाही भोंगा होतो आणि पूल त्यालाही उत्तर देतो. आईंना आधी सांगून ठेवा, आवाज छातीत घुमतो. लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या कानांवर हात ठेवा.

आता बाबांचा प्रश्न. हा माझ्या आवडीचा भाग आहे, त्यामुळे जरा लांबेल.

पुलाचा मधला गाळा, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात तो भाग, सुमारे ३९० फूट लांब आणि साधारण ९०० टन वजनाचा आहे. तो दोन्ही टोकांना पोलादी वायर रोपना टांगलेला आहे. हे रोप मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या मोठ्या कप्प्यांवरून पलीकडे जातात आणि तिथे प्रत्येक बाजूला सुमारे ४५० टनांचं काँक्रीटचं काउंटरवेट लटकतं. गाळा वर जातो तेव्हा काउंटरवेट खाली येतात. तुमच्या सोसायटीतल्या लिफ्टच्या मागच्या बाजूला जे वजन खालीवर होत असतं, तेच तत्त्व. म्हणून मोटरला ९०० टन उचलावे लागतच नाहीत. तिला लागतो तो जोर फक्त बेअरिंगचं घर्षण, वाऱ्याचा रेटा, साचलेलं बर्फ आणि दोन बाजूंमधला थोडासा फरक यांवर मात करण्यापुरता. बाबांनी धरणांच्या दरवाजांचे रोप-ड्रम हॉइस्ट हाताळले असतील. तिथे दरवाजाचं वजन बहुतेक वेळा हॉइस्टलाच पेलावं लागतं. इथे वजन वजनाने तोललेलं आहे आणि यंत्र फक्त ते हलवतं. हे एकदा त्यांच्या लक्षात आलं की बाकीचं तेच तुम्हाला समजावून सांगतील.

तोल मात्र अगदी बरोबरीचा ठेवत नाहीत. गाळा काउंटरवेटपेक्षा किंचित जड राखतात, म्हणजे खाली आल्यावर तो आपल्या बैठकीवर घट्ट बसतो आणि ट्रकच्या हादऱ्याने उडत नाही. हा किंचितपणा किती, हे ठरवणं आणि वर्षानुवर्षं सांभाळणं, यातच अशा पुलाच्या देखभालीचं मर्म आहे. रंगाचा नवा थर चढला की गाळा जड होतो. रस्त्याची जाळी बदलली, नवे दिवे लावले, केबल टाकली की पुन्हा हिशेब. म्हणून अशा पुलांच्या काउंटरवेटमध्ये खाचा ठेवलेल्या असतात, त्यांत छोटे ठोकळे घालून किंवा काढून तोल जुळवतात. शिवाय गाळा वर जाईल तसतसा रोपचा जास्त भाग काउंटरवेटच्या बाजूला सरकतो आणि रोपचं स्वतःचं वजनही काही टनांत असतं. म्हणजे उचलताना तोल सतत बदलत असतो. काही पुलांवर यासाठी वेगळ्या साखळ्या लावतात, काही ठिकाणी तेवढा फरक मोटर आणि ब्रेक सोसतात.

तापमानाचं गणितही बाबांना आवडेल. डुलूथला हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात अधिक ३० पर्यंत चढतो. ६० अंशांच्या या फरकात ३९० फूट, म्हणजे सुमारे ११९ मीटर लांबीचं पोलाद साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास वाढतं-आखडतं. साधा पूल एका टोकाला सरकत्या बैठकीवर ठेवला की झालं. पण हा गाळा दरवेळी वर जाऊन पुन्हा नेमका त्याच जागी उतरायला हवा, मार्गदर्शक रुळांत अडकता कामा नये आणि दोन्ही टोकं समान वेगाने चढली पाहिजेत, नाहीतर तो तिरका होतो. हिवाळ्यात त्यात बर्फाची भर. त्यामुळे जानेवारी ते मार्च हा काळ मी मोलाचा मानतो. लेक सुपीरियरला खालच्या सरोवरांशी जोडणारे सू इथले जलपाश १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, मोठी जहाजं बंदरात थंडीभर मुक्काम करतात आणि पुलाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. तपासणी, ग्रीस, रोपच्या तुटलेल्या तारांची मोजणी, बेअरिंगची कामं यासाठी हाच हंगाम.

गाडीने पुलावरून गेलात तर चाकांखालून एकसुरी गुणगुण ऐकू येईल. रस्ता डांबराचा नसून उघड्या पोलादी जाळीचा आहे म्हणून तो आवाज. जाळी हलकी असते, तिच्यातून बर्फ खाली पडतं आणि गाळा वर असताना वारा आरपार जातो. आणि गाळ्याच्या मधोमध जी केबिन दिसते, ती चालकाची. तो गाळ्यासोबत वर जातो. त्याचं निम्मं काम यंत्राचं आणि निम्मं नजरेचं: फाटकं पडली का, घंटा वाजूनही कोणी पादचारी गाळ्यावर राहिलाय का, कालव्यात शिरणाऱ्या जहाजाला वारा कुठून लागतोय. घंटा वाजली की लगेच मागे व्हा, "तेवढा एक फोटो" म्हणून पुलावर थांबू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. अशा पुलांवर माणसं दगावलेली आहेत.

आता हा पूल इथे आलाच कसा. ही गोष्ट आई-बाबांना गाडीत सांगायला चांगली आहे.

डुलूथच्या समोर सरोवरात वाळूचा एक लांबच लांब दांडा आहे, मिनेसोटा पॉइंट. त्याच्या आत सुरक्षित बंदर, बाहेर लेक सुपीरियर. नैसर्गिक वाट पार टोकाला होती, सुपीरियर शहराच्या सोयीची. डुलूथकरांनी ठरवलं की आपल्या दारातच दांडा फोडायचा. १८७० च्या शरद ऋतूत काम सुरू झालं आणि १८७१ च्या वसंतात कालवा आरपार झाला. त्याची एक दंतकथा तुम्हाला तिथे हमखास ऐकायला मिळेल: कोर्टाचा मनाई हुकूम यायच्या आत गावातल्या बायाबापड्यांनी रातोरात फावड्यांनी कालवा खणला. ऐकायला छान आहे. पण काम केलं ते इश्पेमिंग नावाच्या वाफेवरच्या ड्रेजरने, आणि त्याला महिने लागले.

कालवा झाला आणि दांड्यावर राहणारी माणसं बेटावर अडकली. उन्हाळ्यात नावा, कडक थंडीत गोठलेल्या पाण्यावरून चालत, अधल्यामधल्या दिवसांत तात्पुरते झुलते पूल. पार्क पॉइंटची ती वस्ती शहरात सामील करून घेताना पूल बांधून देण्याचं वचन शहराने दिलं. पण बांधायचा कसा? बंदराच्या तोंडावर खांब नकोत आणि जहाजांच्या उंच डोलकाठ्यांना अडथळा नको. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आराखडे मागवले, तेव्हा जॉन अलेक्झांडर लो वॉडेल या अभियंत्याचा उचलत्या पुलाचा आराखडा पसंत पडला. तेव्हाच्या युद्ध खात्याने तो अडवला. वॉडेलने आपली कल्पना शिकागोला नेली आणि तिथे साउथ हॉलस्टेड स्ट्रीटवर १८९४ मध्ये उभा राहिलेला त्याचा पूल आधुनिक उचलत्या पुलांचा पहिला मोठा नमुना ठरला.

डुलूथने मात्र दुसरीच वाट धरली. शहर अभियंता थॉमस मॅकगिल्व्रे याच्या नजरेत फ्रान्समधल्या रूआँचा पूल आला होता. दोन उंच मनोरे, त्यांच्यावर उंचावर आडवी ट्रस, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या त्रिकोणांची तुळई, आणि त्या ट्रसला खाली लटकणारा एक पाळणा, जो माणसं-गाड्यांसह या काठावरून त्या काठावर सरकत जायचा. १९०५ मध्ये डुलूथला असा पूल सुरू झाला. पाळण्याची क्षमता ६० टन. साडेतीनशे माणसं आणि सोबत घोडागाड्या एका फेरीत जायच्या, आणि पलीकडे पोचायला मिनिटभर लागायचं. अमेरिकेत असे पाळण्याचे पूल मोजून दोन झाले. दुसरा १९३३ च्या शिकागो जत्रेपुरता होता. रूआँचा मूळ पूल १९४० मध्ये युद्धात फ्रेंचांनीच उडवला, जर्मन सैन्याची आगेकूच रोखायला. म्हणजे ज्याच्यावरून डुलूथने कल्पना घेतली तो आज नाही आणि ज्याने घेतली त्याचा सांगाडा शिल्लक आहे. अस्सल चालता पाळणा बघायचा असेल तर स्पेनमध्ये बिलबाओजवळच्या विझकाया पुलावर जाता येईल; १८९३ चा तो पूल जागतिक वारसा यादीत आहे.

मोटारी वाढल्या आणि पाळणा अपुरा पडू लागला. १९२९ मध्ये त्याचं रूपांतर सुरू झालं. माझ्या मते या पुलाच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय इथे झाला: जुना पूल पाडला नाही. मनोरे उंच केले, वरची आडवी ट्रस सुमारे ४० फुटांनी वर उचलली, आणि पाळण्याच्या जागी उचलता गाळा बसवला. मार्च १९३० मध्ये तो पहिल्यांदा जहाजासाठी वर गेला. आराखडा कॅन्सस सिटीच्या हॅरिंग्टन, हॉवर्ड अँड अॅश या कंपनीचा. यातला हॅरिंग्टन हा वॉडेलचा पूर्वीचा भागीदार. म्हणजे डुलूथने चाळीस वर्षांपूर्वी पसंत केलेली, पण अडवली गेलेली कल्पना वॉडेलच्याच परंपरेतून तिथे परत आली. पुलाखाली उभे राहाल तेव्हा वर बघा: सगळ्यात वरची आडवी ट्रस ही १९०५ ची. नुसत्या उचलत्या पुलाला ती लागतेच असं नाही, आणि तिच्यामुळेच डुलूथचा पूल इतर कुठल्याही पुलाशी चुकून जुळत नाही. एकूण उंची २२७ फूट. १९७३ मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत नोंद झाली.

कालव्याचा आणखी एक दिवस सांगायला हवा. २८ नोव्हेंबर १९०५, पूल सुरू झाला त्याच वर्षी. भयंकर वादळात माताफा नावाचं जहाज कालव्यात शिरायला गेलं, लाटांनी त्याला धक्क्यावर आपटलं आणि ते काठापासून हाकेच्या अंतरावर फुटून अडकलं. हजारो लोक रात्रभर काठावर शेकोट्या पेटवून उभे होते, पण बचावाची नाव तिथवर नेता येईना. नऊ खलाशी गेले. १९६७ मध्ये उत्तरेकडच्या धक्क्यावर लाटांनी तीन किशोरवयीन भावांना ओढून नेलं आणि त्यांना वाचवायला गेलेला तटरक्षक दलाचा एक जवानही बुडाला. वारा ईशान्येचा असेल, लाटा धक्क्यावर चढत असतील, तर दीपगृहापर्यंत चालत जाऊ नका, गर्दी जात असली तरी. पाणी जुलैतही बर्फासारखं असतं.

पूल पर्यटकांचं आकर्षण झाला तो मात्र फार उशिरा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत डुलूथचे दिवस वाईट होते. पोलाद कारखाना बंद झाला, सिमेंट कारखाना बंद झाला, हवाई दलाचा तळ गेला. पुलालगतचा कॅनल पार्क म्हणजे गोदामं आणि भंगाराचे ढीग. १९७३ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाने तिथे सागरी संग्रहालय उघडलं, हेच आजचं व्हिजिटर सेंटर. प्रवेश अजूनही मोफत आहे. पुढे आंतरराज्य महामार्ग ३५ शहरातून नेताना बोगद्यांसाठी जो खडक फोडला, तो सरोवराच्या काठावर टाकून त्यावर चालायचा रस्ता, लेकवॉक केला. गोदामांची हॉटेलं आणि दुकानं झाली. या सगळ्यात पुलाला सजवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्याजवळ उभं राहायला जागा केली, जहाज कुठलं, कुठून आलं, काय नेतंय हे सांगायची सोय केली. दुसऱ्या एखाद्या गावाने जुना चालता पूल "पर्यटनासाठी" वाचवायचा म्हटलं की मी पहिलं हेच विचारतो: त्याखालून अजून काही जातं का? जात नसेल तर दोन-चार वर्षांत उत्साह ओसरतो, देखभालीचा खर्च डोळ्यांवर येतो आणि यंत्र कायमचं गोठवून टाकतात.

या आकर्षणाची किंमत पार्क पॉइंटचे रहिवासी मोजतात. त्यांना शहरात यायला हा एकच रस्ता. पूल वर गेला की दवाखाना, शाळा, नोकरी सगळं थांबतं, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग वेगळी. तुम्ही पलीकडच्या वाळूच्या किनाऱ्यावर जाणार असाल, आणि जायला हवं, तर सकाळी लवकर जा आणि लोकांच्या घरांसमोर गाडी लावू नका.

बाबा पांबनचा विषय काढतील असं मला वाटतं. रामेश्वरमचा नवा रेल्वे पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, तो भारतातला पहिला उभा उचलला जाणारा समुद्रावरचा पूल. त्याआधीचा १९१४ चा जुना पूल दोन पाती उघडणारा होता आणि शतकभर काम करून थकला. डुलूथचा जुना सांगाडा टिकला आणि पांबनचा नाही, यात देखभालीइतकाच वाटा पाण्याचा आहे. लेक सुपीरियरचं पाणी गोडं. पांबनची हवा खारट, पोलादाला जगातल्या सगळ्यात त्रासदायक हवांपैकी एक. डुलूथला मीठ लागतं ते हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात तेवढंच, आणि तेवढंही पुष्कळ नुकसान करतं.

आता प्रत्यक्ष सहलीचं. मिनियापोलिसहून महामार्ग ३५ ने सुमारे २५० किलोमीटर. गाव जवळ आल्यावर महामार्ग डोंगरावरून एकदम खाली उतरतो आणि सरोवर, बंदर, पूल एकत्र दिसतात. बाबांना पुढच्या सीटवर बसवा. एक रात्र कॅनल पार्कमध्येच राहा, महाग पडलं तरी, कारण रात्री अकराला जहाज आलं तरी चालत जाता येतं, आणि दिवे लावलेलं जहाज पुलाखालून जाताना बघणं दिवसाच्या दृश्यापेक्षा वेगळं आहे. जूनमधला ग्रँडमाज मॅरेथॉनचा शनिवार टाळा, तो बहुधा तिसरा असतो आणि खोल्या मिळत नाहीत. तुम्ही जुलैत जाताय, तेव्हा प्रश्न नाही.

स्वेटर आणि कानटोपी घ्याच. शहराच्या वरच्या भागात २८ अंश असताना कालव्यापाशी १५ असू शकतात. सकाळी धुकं असेल तर हिरमोड करून घेऊ नका. आधी व्हिजिटर सेंटर बघा, तिथे जहाजाचं खरं वाफेचं इंजिन आणि चालककक्षाच्या प्रतिकृती आहेत, बाबा तिथे रमतील. धुकं बहुधा दुपारपर्यंत विरतं. धक्का सपाट आहे, बाकं आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास नाही. उभं राहायला उत्तरेकडचा धक्का, पुलापासून सरोवराच्या दिशेने थोडं पुढे. तिथून जहाज समोरून येताना दिसतं आणि मान वळवली की गाळा चढताना. आत येणारं जहाज मिळालं तर उत्तम, कारण ते अर्धा-पाऊण तास आधीपासून क्षितिजावर दिसत राहतं. संध्याकाळी एन्गर टॉवरवर जा. टेकडीवरच्या या निळसर दगडी बुरुजावरून कालवा, पूल, दोन्ही शहरांचे धक्के आणि वाळूचा दांडा असा बंदराचा सगळा नकाशा एका नजरेत येतो. जुलैत सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, जेवून निघालात तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर किनाऱ्याने ईशान्येला गूसबेरी धबधबा आणि स्प्लिट रॉक दीपगृह, तासाभराचं अंतर. पण त्या दिवशी दुपारी हजार फुटी जहाज लागणार असेल, तर धबधबा सोडा.